मुलांचा मोबाइल : नियम हवा, पाळत नको

(कवठे येमाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे येथे पालक व शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आपण मला प्रश्नाच्या रूपात दिला आहे. मुलांच्या मोबाइलवर आईबापांनी नियंत्रण ठेवावे की नाही, आणि ठेवावयाचे तर किती? ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले त्याला हा विषय कशासाठी, असे कोणास वाटणे शक्य आहे. परंतु हा प्रश्न केवळ संस्कारांचा नाही. तो फार मोठ्या प्रमाणात अर्थकारणाचा आहे. आपण चर्चा करतो ती दोनच पक्षांची : एकीकडे मूल, दुसरीकडे आईबाप. वस्तुतः या व्यवहारात तिसरा पक्ष आहे आणि तो तिघांत सर्वांत बलाढ्य आहे. मोबाइलच्या पडद्यामागे बसलेली कंपनी हा तो पक्ष होय. त्याला चर्चेत ओढल्याशिवाय घरातला वाद मिटावयाचा नाही, एवढेच आज मला मांडावयाचे आहे.

प्रथम पालकांच्या भीतीविषयी. ती भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या शेजारच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. अशा मुलखात मूल शाळेतून निघाले का, उसाच्या वाटेने येते आहे की सडकेने, हे आईला कळावेसे वाटले तर तिला दोष कोण देईल? शेतीपंपाची वीज रात्री आली की बापाला दारे धरायला जावे लागते. घरातले दुसरे कोणी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर असते. मग घरात मूल आणि मोबाइल असे दोघेच उरतात. त्यात अनोळखी माणसांचे निरोप, अश्लील चित्रे, फसवणुकीचे फोन. पालकांचे मन थाऱ्यावर राहू नये अशीच ही परिस्थिती आहे, आणि तिची कारणे त्यांच्या आळसात नाहीत, हे आरंभीच नमूद करतो.

आता वस्तुस्थितीकडे वळू. ‘असर’ची २०२४ ची पाहणी ग्रामीण भारताची आहे. तिच्यानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही काम केलेली मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमे पाहिलेली ७६ टक्के. हे आकडे पुष्कळांना ठाऊक असतील. पुढचे क्वचितच सांगितले जातात. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी त्रास देणाऱ्याला अडवावे कसे वा त्याची तक्रार करावी कशी हे ६२ टक्के मुलांना माहीत होते, परवलीचा शब्द बदलण्याची रीत सुमारे ५८ टक्क्यांना आणि आपले खाते परक्यांपासून झाकण्याची रीत ५५ टक्क्यांना. म्हणजे साधारणपणे दहांपैकी चार मुले अशा घरात वावरत आहेत, ज्याच्या दाराला कडी कोठे आहे हे त्यांना कोणी दाखविलेलेच नाही. आपल्यापैकी किती वडीलधाऱ्यांना ती ठाऊक आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

यावर उपाय म्हणून नियंत्रणाची साधने सुचविली जातात. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ २०१७ साली आले, ॲपलचा ‘स्क्रीन टाइम’ २०१८ साली. आईबापांनी आपल्या फोनवरून मुलाच्या फोनची वेळ ठरवावी, कोणते ॲप घ्यावयाचे त्याला मंजुरी द्यावी, हवे तर मूल कोठे आहे तेही पाहावे, अशी ही योजना. ती सर्वस्वी टाकाऊ आहे असे नाही; लहान मुलांच्या बाबतीत तिचा उपयोग होतो. परंतु ती कोणत्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून रचली आहे ते पाहा. मुलाचा फोन वेगळा, आईचा वेगळा, बापाचा वेगळा, आणि आईबाप सूचना वाचून बटणे दाबण्यात तरबेज. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच चांगला फोन असतो. सिमकार्ड बापाच्या नावे, बँकेचे निरोप त्यावर, पैसे पाठविण्याची सोय त्यावर, आणि संध्याकाळी तोच फोन मुलाच्या हाती. नवा फोन आणला की तो सुरू करून देतो कोण? आठवीतला मुलगा किंवा नववीतली मुलगी. कुलूप कसे लावावयाचे हे ज्याला विचारावे लागते, त्याच्यासाठीच ते कुलूप असते.

याचा आणखी एक परिणाम आहे. फोन बापाच्या नावाचा असल्यामुळे कंपनीच्या वहीत तेथे मूल नसतेच. चाळीस वर्षांचा एक शेतकरी रात्री दोन तास चित्रपट आणि खेळ पाहतो, एवढीच नोंद होते. मुलांसाठी म्हणून जे काही संरक्षण कायद्याने वा कंपनीने ठेवले असेल, ते त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

शिवाय मुलावर नजर ठेवणारी जी खासगी ॲपे विकली जातात, त्यांचा इतिहास सावध करणारा आहे. ‘टीनसेफ’ नावाच्या अमेरिकी कंपनीने मुलांवर लक्ष ठेवण्याची सेवा पालकांना विकली. २०१८ साली असे उघडकीस आले की तिच्याकडे जमलेली माहिती, मुलांच्या खात्यांच्या परवलीच्या शब्दांसकट, कोणालाही पाहता येईल अशी उघडी पडली होती. ‘लाइफ३६०’ हे कुटुंबातील माणसे कोठे आहेत ते दाखविणारे ॲप. ते आपल्या ग्राहकांचा ठावठिकाणा माहितीच्या व्यापाऱ्यांना विकत असल्याचे २०२१ साली पत्रकारांनी उघड केले, आणि त्यानंतर कंपनीला धोरण बदलावे लागले. मुलाच्या काळजीपोटी आईने ज्याला राखण दिली, त्यानेच वाट दाखवावी, असा हा प्रकार.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीला २०२४ साली जाहिरातींतून सुमारे १६,००० कोटी डॉलर मिळाले, आणि तिचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचेच आहे. आपण तिला एक पैसाही देत नाही, मग हा पैसा कशाचा? आपल्या वेळेचा आणि आपल्याविषयीच्या माहितीचा. वर्तमानपत्रातील जाहिरात सर्वांना एकच असते. येथे प्रत्येकाला वेगळी दाखवावयाची असते, म्हणून प्रत्येकाची आवडनिवड, मैत्री, ठिकाण, झोपेची वेळ हे सारे टिपावे लागते. मूल जितका अधिक काळ पडद्यासमोर राहील तितकी कमाई अधिक. म्हणून एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी तयार असते. हे काम हजारो निष्णात अभियंते पगार घेऊन करीत आहेत. आणि त्यांच्याविरुद्ध उभे कोणाला केले आहे? दिवसभर कांदा काढून घरी आलेल्या बाईला. ‘नियंत्रणाची सोय आम्ही दिलेली आहे, ती वापरणे ही तुमची जबाबदारी’ असे तिला सांगितले जाते.

हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकलेला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला. तेव्हाही मजुराने हातमोजे व मुखवटा का घातला नाही, हाच प्रश्न पुढे करण्यात आला. विष किती जहाल होते, ते विकले कसे गेले, भर उन्हात मुखवटा घालून फवारणी शक्य होती का, हे प्रश्न मागे पडले. डब्यावर बारीक अक्षरांत सूचना छापली की विक्रेता मोकळा, आणि वापरणारा गुन्हेगार. मुलांच्या मोबाइलच्या बाबतीत तेच घडत आहे.

उलट, मनात आणले तर सरकार कंपनीला हात लावू शकते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती नामवंत खेळाडू करीत होते, आणि मुलगा कर्जात बुडाला की बापाचे लक्ष नव्हते असे म्हटले जाई. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांना बंदी करणारा कायदा केला आणि मोठमोठ्या कंपन्यांनी ते खेळ काही दिवसांतच बंद केले. लाखो बापांच्या उपदेशाने जे झाले नाही ते एका कायद्याने झाले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तशी सरसकट मनाई आपल्याकडे योग्य ठरेल की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु तेथे दंडाची तरतूद कंपनीसाठी आहे. मुलासाठी वा पालकासाठी नाही. जबाबदारी कोणाच्या माथी ठेवावयाची, याचा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता मुलाच्या खासगीपणाविषयी. हा शब्द उच्चारला की ‘हे शहरातले चोचले; दोन खोल्यांच्या घरात कसला आला खासगीपणा?’ असे उत्तर मिळते. पण चाळीत किती कांदा साठविला आहे हे आपण व्यापाऱ्याला सांगतो काय? सोसायटीचे आणि सावकाराचे किती देणे आहे, हे सोयरीक जमण्यापूर्वी गावभर होऊ देतो काय? पूर्वी घरची खुशाली पोस्टकार्डावर लिहीत, आणि मनातले काही लिहावयाचे असले तर आंतरदेशीय पत्र आणीत. गरिबाला झाकण्याजोगे काही नसते हा समज खोटा आहे. किंबहुना ज्याच्याजवळ सत्ता नाही, त्याला आपली माहिती आपल्यापाशी ठेवण्याची गरज अधिक असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. बालकांच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेचे सोळावे कलम हा हक्क मुलांनाही देते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

त्याच संहितेत पालकांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेनुसार असावे, असेही म्हटले आहे. सहा वर्षांच्या मुलाचा फोन आईच्या हातात असणे हे नैसर्गिक होय. सोळा वर्षांच्या मुलीचे मैत्रिणीशी झालेले बोलणे तिच्या नकळत वाचणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंमधील अंतर ओळखण्यासाठी मी दोन शब्द वापरतो : नियम आणि पाळत. नियम आधी सांगितलेला असतो, त्याचे कारण मुलाला विचारता येते, तो बदलण्यासाठी वाद घालता येतो, आणि शक्य तेथे तो करणाऱ्यालाही लागू असतो. पाळत गुप्त असते, एकतर्फी असते आणि तिला शेवट नसतो. बिबट्याच्या दिवसांत ‘शाळेच्या वाटेवर तुझे ठिकाण मला दिसू दे’ असे मुलाला सांगून केलेली व्यवस्था हा नियम होय. धोका सरल्यावरही, मुलगी महाविद्यालयात गेल्यावरही, तिला न सांगता तीच सोय चालू ठेवली तर ती पाळत झाली.

पाळतीने मूल सुरक्षित होत नाही, याचे व्यावहारिक कारण आहे. ज्याच्यावर पाळत असते ते मूल लपविण्यात तयार होते. उद्या एखाद्या भामट्याने छायाचित्राच्या जोरावर त्याला धमकावले, तर वाचण्याचा पहिला मार्ग एकच : मुलाने घरी येऊन सांगणे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आहे. परंतु तो फिरविण्यापूर्वी मुलाने तोंड उघडले पाहिजे. ‘सांगितले तर फोन जाईल आणि शाळाही सुटेल’ अशी धास्ती असलेले मूल तोंड उघडत नाही. अशा मुलाच्या जिवाला जो धोका असतो, तो कोणत्याही ॲपमध्ये दिसत नाही.

हा भेद महाराष्ट्रातील दोन गावांच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने ठरविले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास गावातील मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहतील. प्रारंभी पुरुषांनी हसण्यावारी नेले. आपण मालिका फार पाहतो हे बायकांनी कबूल केले आणि साऱ्या गावाने बंद पाळावा असे म्हटले. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्ही गावांचा हेतू चांगला होता. परंतु वडगावचा नियम थोरांनाही लागू होता, वेळेपुरता होता, आणि त्यासाठी कोणाच्या फोनमध्ये डोकवावे लागत नव्हते. बान्सीचा ठराव फक्त मुलांसाठी होता. बाप जेवताना फोन पाहत राहील आणि मुलाला मात्र बंदी, हे मुलाला न्यायाचे वाटत नाही, आणि अन्याय वाटणारा नियम टिकत नाही.

मुलींच्या बाबतीत तर अधिक सावध राहिले पाहिजे. गुजरातमधील सुरज या गावाने २०१६ साली अविवाहित मुलींना मोबाइल वापरण्यास मनाई करून दंड ठेवला होता. आपण तसा ठराव करणार नाही. पण घरात काय घडते? ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांचा स्वतःचा फोन होता, मुलींत हेच प्रमाण २० टक्के होते. मुलाच्या बाबतीत ‘नियंत्रण’ म्हणजे अभ्यासाची काळजी आणि मुलीच्या बाबतीत घराण्याच्या अब्रूची काळजी, असा अर्थ होत असेल तर ते नियंत्रण शिक्षणाच्या आड येते. कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करण्याचा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानला नाही म्हणून तिला काढून टाकण्यात आले. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यावयास लावले आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ती सज्ञान होती, हे खरे. पण अठराव्या वाढदिवसाच्या रात्री शहाणपण एकदम उतरत नाही. त्याची सवय आधीच लागावी लागते.

कायद्याची स्थिती अशी आहे. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. मुलांचा माग काढण्यास, त्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवण्यास आणि त्यांना नेमून जाहिराती दाखविण्यास कंपन्यांना मनाई राहील. भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिचे नियम निघावयास नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि त्यांतही मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एकाच फोनच्या घरात पालकाची संमती म्हणजे बापाच्या फोनवर आलेला क्रमांक मुलाने भरणे. ही संमती कागदावर खरी आणि व्यवहारात पोकळ. संमतीचा अंगठा घेऊन जबाबदारी पालकावर ढकलता येऊ नये, म्हणून माग काढण्यावरील मनाईचीच अंमलबजावणी कडक झाली पाहिजे.

सरकारलाही या बाबतीत नामानिराळे राहता येणार नाही. करोनाकाळात ४९ देशांच्या सरकारांनी शिफारस केलेल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲपांची व संकेतस्थळांची तपासणी ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने केली. तिचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के साधनांची रीत मुलांच्या हक्कांना धोका पोहोचविणारी होती. आपल्या ‘दीक्षा’ ॲपमध्ये मुलांचे नेमके ठिकाण नोंदविण्याची सोय होती, असेही त्यात म्हटले आहे. शाळेने सांगितले म्हणून जे ॲप घेतले, त्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य पालकाला नव्हते. नवा कायदा मात्र केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार देतो. या अधिकाराविरुद्ध आवाज उठविणे हे लोकशाही मानणाऱ्या सर्वांचे काम आहे.

मग आपण येथे काय करावे? माझ्या सूचना थोड्या आहेत. घरात मुलांना बसवून वयानुसार नियम ठरवावेत, ते मुलगा-मुलगी दोघांना सारखे असावेत, आणि जेवणाच्या व झोपण्याच्या वेळी थोरांनीही फोन बाजूला ठेवावा. फोनमधील कोणते ॲप ठिकाण, छायाचित्रे आणि दूरध्वनींची यादी मागते, ते मुलांकडूनच समजून घ्यावे आणि नको ती परवानगी काढून टाकावी. यात आईबाप शिकतील आणि मुलाला आपण गुन्हेगार नसून जाणकार आहोत असे वाटेल. चोरून वाचणारे ॲप कोणी विकावयास आले तर घेऊ नये. शाळेने पालकांना कोणतेही ॲप घेण्यास सांगण्यापूर्वी ते कोणती माहिती घेते हे पालकसभेत मराठीत सांगावे. आणि ग्रामसभेत संध्याकाळच्या बंद तासाचा विचार व्हावा. मात्र त्या तासात मुलांनी जावे कोठे, याचे उत्तरही त्याच ठरावात असावे : उजेड असलेली अभ्यासिका, वाचनालय, मुलींनाही मोकळेपणाने खेळता येईल असे मैदान, आणि बिबट्याचे भय आहे तोवर ने-आण करण्याची व्यवस्था. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी आपण पिकासाठी करतो. ती मुलांसाठीही आहे, कारण रात्री आईबाप घरी असतील तर मुलाला फोनच्या स्वाधीन करावे लागणार नाही.

हे सारे करूनही कंपन्यांचा हिशेब आपल्याला एकट्याने चुकता करता येणार नाही. त्यासाठी कायद्याचा अंमल मुदतीत व्हावा, दंडाचा बडगा मुलावर वा आईवर न येता कंपनीवर यावा, असा ठराव या ग्रामसभेने करून आपल्या आमदार-खासदारांकडे पाठवावा. एका गावाचा ठराव लहान असतो, पण जिल्ह्यातील शंभर गावांनी तो केला तर त्याची दखल घ्यावी लागते.  आता आपले प्रश्न, आणि शक्य झाल्यास येथे बसलेल्या मुलामुलींचे प्रश्न आधी, ऐकावेत अशी अध्यक्षांना विनंती करतो.